गोल घुमटावरून लोगो: घुमटाचा आकार घ्यावा की त्याची रचना?

रेषाकार

मंडळी, सल्ला हवा आहे. दख्खनमधल्या जुन्या वास्तूंच्या अभ्याससहली काढणारा आमच्या सोलापुरातला एक गट आहे. त्यांचा लोगो मी करतो आहे. विजापूर इथून शंभर किलोमीटरवर, त्यामुळे बहुतेक सहली तिकडेच जातात आणि गोल घुमटावरून काहीतरी कर असं सगळ्यांनी एकमताने सांगितलं. लोगो पत्रिकेवर, शिक्क्यावर, टोपीवर आणि मोबाइलच्या पडद्यावर वापरायचा आहे.

सभासदांनी नमुने म्हणून जी चित्रं पाठवली ती जवळजवळ सारखीच आहेत. कांद्याच्या आकाराचा घुमट, वर चंद्रकोर, दोन बाजूंना दोन मिनार, हिरवा आणि सोनेरी रंग. 'इस्लामी वास्तू' असं शोधलं की हेच समोर येतं. पण गोल घुमट असा दिसत नाही! तो मुहम्मद आदिलशहाचा मकबरा आहे, मशीद नव्हे. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १६५६ च्या सुमारास, तो आजच्या रूपात आला. खाली जवळपास घनाकार इमारत, चार कोपऱ्यांना सात-सात मजल्यांचे अष्टकोनी मनोरे आणि वर सरळ अर्धगोल. पोट सुटलेला, मान आवळलेला घुमट तिथे नाहीच.

माझं म्हणणं असं आहे की बाह्याकृती सोडून द्यावी आणि हा घुमट ज्या युक्तीवर उभा आहे ती युक्ती चिन्हात आणावी. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आतलं दालन चौरस आहे, प्रत्येक बाजू सुमारे ४१ मीटर. त्यावर गोल घुमट बसवायचा, तोही आतून जवळजवळ ३८ मीटर व्यासाचा, आणि मध्ये एकही खांब नाही. चौकोनावरून वर्तुळावर जाण्यासाठी कारागिरांनी आठ टोकदार कमानी उभ्या केल्या आणि त्या एकमेकींना छेदून जाऊ दिल्या. नकाशात पाहिलं तर एकमेकांवर फिरवून ठेवलेले दोन चौरस दिसतात, म्हणजे आठ टोकांचा तारा. कमानींच्या छेदांतून मधे अष्टकोन तयार होतो आणि त्यावर वर्तुळ सहज बसतं.

चौरस, तारा, वर्तुळ. मला यातच चिन्ह दिसतं. पण गटातल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे कुणाला ओळखूच येणार नाही. तुमचं मत सांगा.

कमानदार

कल्पना उत्तम आहे, पण नुसता आठ टोकांचा तारा घेतलात तर तो कुणाचाच राहणार नाही. अरबी हस्तलिखितांत परिच्छेद दाखवायला तोच, मोरोक्कोच्या फरश्यांवर तोच, आपल्याकडे अष्टलक्ष्मीच्या चित्रातही तोच. क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांच्या मजल्यांचा आराखडाही एकमेकांवर फिरवलेल्या दोन चौरसांवर बेतला आहे. त्यांचे स्थपती सीझर पेली यांनी तिथे आतल्या कोनांत वर्तुळाचे तुकडे भरून जागा वाढवली, म्हणून तो तारा इतरांपासून वेगळा ओळखू येतो. तुमचा तारा विजापूरचाच का, हे रेषेतून दिसायला हवं.

आणि ते दाखवता येतं. नेहमीच्या ताऱ्यात एक चौरस सरळ असतो आणि दुसरा ४५ अंशांत फिरवलेला. गोल घुमटात तसं नाही. तिथे ताऱ्याची टोकं प्रत्येक भिंतीवर दोन-दोन टेकतात, भिंतीच्या मध्यावर किंवा कोपऱ्यात नाही. म्हणजे भिंतींच्या संदर्भात दोन्ही चौरस साडेबावीस अंशांत कललेले आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. बाहेरचा चौरस चिन्हात ठेवा आणि तारा त्यात असा कललेला बसवा, की लगेच वेगळा दिसेल. चौरसाशिवाय हा कल कळतच नाही, तेव्हा चौरस टाकू नका.

मुसाफिर विजापूर

माझं अख्खं आयुष्य या गावात गेलं आहे. घरी दख्खनी बोलतो, शेजारी कन्नड, बाजारात मराठी धरून तिन्ही. गोल घुमट आमच्या शिक्क्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, रिक्षांवर सगळीकडे आहे आणि बहुतेक ठिकाणी कसातरी काढलेला. म्हणून हा धागा वाचून बरं वाटलं.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाहेरचे लोक येतात, घुमटाच्या आतल्या सज्जात चढतात, टाळ्या वाजवतात, आवाज किती वेळा परत येतो ते मोजतात आणि उतरतात. खाली दालनात उभं राहून मान वर करून कमानी पाहणारे फार थोडे. लोगोमुळे चार माणसांनी जरी वर पाहिलं तरी माझ्यासाठी ते मोठं आहे. कमानींचाच लोगो करा.

घुमटाचा बुंधा जवळून पाहा. सगळीकडून कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे आणि घुमट भिंतीला जिथे भेटतो तो सांधा तिच्यामागे झाकला जातो. घुमट एखाद्या उमलत्या फुलातून वर आल्यासारखा वाटतो. बाहेरचं रूप घ्यायचंच झालं तर मिनार सोडा आणि ही पाकळ्यांची ओळ घ्या.

अक्षरवेल्हाळ

माझं मत थोडं वेगळं आहे. बाह्याकृतीला इतकं कमी लेखू नका. तेलंगणाच्या राज्यचिन्हात काकतीय तोरणाच्या आत चारमिनार आहे. २०२४ मध्ये ते चिन्ह बदलण्याची चर्चा झाली तेव्हा केवढा विरोध झाला! लोकांचा जीव जडतो तो आकारावर. चारमिनारचे चार मनोरे दुसरीतलं पोरसुद्धा काढून दाखवतं. दोन चौरस फिरवून ठेवले तर गणिताची खासगी शिकवणी वाटेल की नाही?

गोल घुमटाची बाह्याकृती मुळातच इतकी साधी आहे की तिचं चिन्ह सहज होतं. एक ठोकळा, दोन कडेचे मनोरे, वर अर्धवर्तुळ. चंद्रकोर नको, कांदा नको, हे मान्य. पण खरा आकार प्रामाणिकपणे काढला तर तो वाईट का?

रेषाकार

अक्षरवेल्हाळ, वाईट नाहीच. माझी अडचण अशी आहे की तो आकार काढून झाल्यावर माझ्याकडून सांगण्यासारखं काही उरत नाही. राज्यचिन्हाला ओळख पटवून द्यायची असते, कारण ते सगळ्या राज्याचं असतं. हा गट मात्र लोकांना इमारत वाचायला शिकवतो, भिंतीचं वजन कुठून कुठे जातं ते दाखवतो. मग त्यांच्या चिन्हानेही तेच केलेलं बरं.

आणि इथे वजनाची गोष्ट खरोखर विलक्षण आहे. एवढा मोठा घुमट खालच्या भिंतींना बाहेर ढकलत असतो. छेदणाऱ्या कमानींमुळे वरची सगळी दगडी-विटांची रास आतल्या बाजूला झुकलेली आहे, त्यामुळे घुमटाचं बाहेर पडू पाहणारं बळ आणि या राशीचं आत पडू पाहणारं वजन एकमेकांना तोलतात. प्रसिद्ध सज्जा म्हणजे याच आत आलेल्या भागाचा माथा. घुमट त्याच्यामागे, बाहेरच्या बाजूला बसतो. एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन या वास्तू-इतिहासकाराने या योजनेचं मनापासून कौतुक केलं आहे. दोन विरुद्ध बळांना एका रेषेत आणणारी कल्पना ज्या इमारतीत आहे, तिची फक्त सावली काढून थांबायला माझं मन घेत नाही.

सुलेखा पुणे

दगडी जाळीवरून चिन्ह करावं असं कुणाला वाटत असेल तर अहमदाबादचं उदाहरण. आयआयएमचं चिन्ह सिदी सय्यद मशिदीच्या जाळीवरून आलेलं आहे. ही मशीद १५७२-७३ ची, म्हणजे गुजरातच्या सुलतानांच्या राज्याचा अगदी शेवट. हबशी वंशाच्या सिदी सय्यदने बांधलेली. अर्धवर्तुळाकार खिडकीत एकमेकांत गुंतलेली झाडं आणि ताड, सगळं दगडात कोरलेलं. ते चिन्ह का टिकलं असेल? कमान ही त्याची चौकट आहे आणि आतलं झाड म्हणजे भरलेला भाग व मोकळा भाग यांचा समतोल. जाळी मुळातच एका रंगाची असते, दगड आणि उजेड. लोगो बनवताना ज्या गोष्टीसाठी आपण झगडतो ती तिथे कारागिराने आधीच करून ठेवली आहे.

२०२२ मध्ये चिन्ह बदलण्याचा निर्णय झाला तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनी जाहीर नापसंती कळवली. जाळीचं रूप बदलणं आणि 'विद्याविनियोगाद्विकासः' या संस्कृत वाक्याचं काय होणार, हे दोन्ही मुद्दे त्यात होते. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की जाळीतला एखादा फाटा कमी केला तरी लोकांना ते कळतं. वास्तूवरून केलेल्या चिन्हावर माणसं वास्तूइतकाच हक्क सांगतात. तेव्हा रेषाकार, पहिल्याच वेळी नीट बसवून द्या, नंतर सुधारणा करणं अवघड जाईल.

विजापुरात जाळी हवी असेल तर इब्राहीम रोजा पाहा. तिथल्या खिडक्यांची जाळी अक्षरांचीच आहे, मजकूर दगडात आरपार कोरलेला. मलिक संदलने बांधलेला हा मकबरा १६२७ च्या सुमाराला पूर्ण झाला. मला तो गोल घुमटापेक्षाही सुंदर वाटतो.

कमानदार

इब्राहीम रोजाच्या अक्षरजाळीला हात लावू नका, असं मी आग्रहाने सांगेन. तो धार्मिक मजकूर आहे. लोगो टोपीवर शिवला जातो, टोपी चुरगळून पिशवीत जाते, पत्रिका रद्दीत जाते, कागदी कपावर छापला तर कप कचऱ्यात. ज्यांच्यासाठी ती अक्षरं पवित्र आहेत त्यांना ते पाहवणार नाही आणि त्यांचं बरोबरच आहे. भूमिती घ्या, फुलवेल घ्या, मजकूर घेऊ नका.

दुसरं म्हणजे देवनागरीला अरबी वळण देणं टाळा. हॉटेलांच्या पाट्यांवर असतं तसं, शिरोरेषेवर टिंबं आणि खाली तलवारीसारखे फराटे. त्याने ना अरबी सुलेखन साधतं ना देवनागरी. काही जण अरबीची चौकोनी कुफी लिपी सुचवतील. ती इराण आणि मध्य आशियाच्या विटांच्या इमारतींची भाषा. एकेक वीट आडवी-उभी लावत अक्षर तयार होतं, म्हणून इस्फहान किंवा समरकंदात ती शोभते. विजापूरच्या दगडाची आणि गिलाव्याची ती भाषा नव्हे. गटाचं नाव साध्या, भरदार देवनागरीत ठेवा. शिरोरेषेची जाडी चिन्हाच्या रेषेइतकी घेतलीत की दोन्ही एकमेकांना धरून राहतात.

मुसाफिर विजापूर

कमानदार यांच्या पहिल्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या घरातले मोठे लोक छापलेल्या आयतीचा, म्हणजे कुराणातल्या वचनाचा, कागद खाली पडलेला दिसला तर उचलून उंचावर ठेवतात. हे ओळखून आधीच बोललात, आवडलं.

छापखाना

पंचवीसेक वर्षं छपाईत काढली आहेत, तेव्हा माझं लक्ष वेगळीकडे. साडेबावीस अंशांची रेषा लहान आकारात त्रास देते. उभी, आडवी आणि ४५ अंशांची रेषा पडद्यावरच्या ठिपक्यांत स्वच्छ बसते. साडेबावीसची रेषा सोळा ठिपक्यांच्या चौकटीत घातली की पायऱ्या-पायऱ्या दिसतात. तिथे दोन चौरस, एक वर्तुळ आणि बाहेरचा चौरस एवढं सगळं मावणारही नाही, नुसता काळा डाग होईल.

उपाय म्हणजे एका चिन्हाची दोन रूपं करा. मोठ्यासाठी सगळं. अगदी लहानासाठी चौरस, त्यात आठ टोकांचा भरीव तारा आणि मधे वर्तुळाचं भोक. आतल्या छेदरेषा गाळा. तिसरं रूप करू नका, लोक हमखास चुकीचं वापरतात.

भरतकामासाठी तर रेषा एक मिलिमीटरहून बारीक नकोच, आणि दोन रेषांतली मोकळी जागाही तेवढीच ठेवा. टोपीवर छोट्या कोनांत दोरा साचतो. आठही टोकं अगदी किंचित बोथट करून द्या, शिवल्यावर ती टोकदारच दिसतील. रबरी शिक्क्यालाही हाच नियम, कारण तिथे शाई कोनात तुंबते.

सुलेखा पुणे

मी दोन चौरसांचे पट्टे एकमेकांच्या वर-खाली विणलेले दाखवावेत असं सुचवणार होते. दोन चौरसांत आठ छेद येतात आणि प्रत्येक चौरसावर वर-खाली-वर-खाली हा क्रम कुठेही न बिघडता पूर्ण फिरतो. दिसायला फार छान दिसतं.

रेषाकार

दिसतं छान, मी काढूनही पाहिलं. पण त्या इमारतीत विणकाम नाही. कमानी एकमेकींच्या वरून किंवा खालून जात नाहीत, आरपार जातात. छेदाच्या जागी दोन्हींचा दगड एक होतो आणि तिथूनच पुढे वजन वाटलं जातं. विणलेला तारा काढला तर नेमकी तीच गोष्ट पुसली जाईल. म्हणून रेषा छेदात एकजीव ठेवतोय.

आखणीसाठी कंपास आणि सरळ पट्टी पुरते, काही मोजावं लागत नाही. चौरस काढा, कर्ण काढून मध्य मिळवा. कंपासचं टोक एका कोपऱ्यात ठेवून मध्यापर्यंत उघडा आणि लगतच्या दोन बाजूंवर खूण करा. चारही कोपऱ्यांवरून असं केलं की प्रत्येक बाजूवर दोन, अशा आठ खुणा मिळतात. एक सोडून एक जोडत गेलं की दोन चौरस तयार. बाजू १०० धरली तर खुणा कोपऱ्यापासून २९.३ आणि ७०.७ वर येतात, आणि आतल्या अष्टकोनात बसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ७६.५ भरतो. संगणकावर करणाऱ्यांनी हे आकडे थेट घ्यावेत.

अक्षरवेल्हाळ

आत्ताच वहीत आखून पाहिलं. खुणा जोडताना मधला अष्टकोन आपोआप उमटला तेव्हा गंमत कळली. पण माझा आग्रह अर्धाच सोडते. पत्रिकेवर एक ओळ तरी द्या की हे वरून पाहिलेलं दालन आहे. नाहीतर पाहणारा तारा म्हणून पुढे जाईल.

आणि रंगाचं काय ठरलं?

कमानदार

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे. हिरवा-सोनेरी हा ठरावीक रंग झाला आहे, तो कुठल्याही इमारतीचा नाही. बिदरचा निळा म्हणाल तर ठीक, कारण बहमनी वजीर महमूद गवानच्या १४७२ च्या मदरशावर इराणी धर्तीच्या रंगीत फरश्या अजून शिल्लक आहेत. विजापूरचा रंग मात्र काळवंडलेला बसाल्ट आणि चुन्याचा गिलावा. काळसर राखाडी आणि कोमट पांढरा, बास. एका रंगात चालणारं चिन्हच शेवटी टिकतं.

छापखाना

राखाडी छापताना जाळीदार ठिपके येऊ देऊ नका. स्वतंत्र शाई घ्या, नाहीतर सरळ काळा वापरा. बारीक रेषा ठिपक्यांत फुटते.

चौसष्टकळा

थोडं विषयाला धरून, थोडं बाजूचं. चौरस फिरवून तारा करण्याची पद्धत दख्खनमध्ये आदिलशाहीच्या खूप आधीपासून दिसते. गदगजवळ डंबळचं दोड्डबसप्पा मंदिर पाहा. बाराव्या शतकातलं, त्याचं तलविधान, म्हणजे जमिनीवरचा आराखडा, चोवीस टोकांच्या ताऱ्याचं आहे. या मातीतले पाथरवट हे गणित कोळून प्यायले होते. छेदणाऱ्या कमानींची परंपरा दुसरीकडून येते. दहाव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्दोब्याच्या मशिदीत मिहराबासमोरच्या (नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासमोरच्या) घुमटाखाली असेच एकमेकींना छेदणारे कमानीचे पट्टे आहेत, पण आकाराने कितीतरी लहान. विजापुरात तीच कल्पना प्रचंड मापात उभी राहिली. स्थपती म्हणून दाभोळच्या याकूतचं नाव सांगितलं जातं, म्हणजे धागा आपल्या कोकणापर्यंत येतो.

नोंदणीचा विचार असेल तर नुसता आठ टोकांचा तारा व्यापारचिन्ह म्हणून मिळणं कठीण. १९९९ च्या कायद्यात चिन्ह इतरांपासून वेगळं ओळखू येणं ही मूळ अट आहे. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलला २०१७ मध्ये इमारतीच्या बाह्यरूपाचीच नोंदणी मिळाली, पण ते रूप त्यांच्या स्वतःच्या इमारतीचं. गोल घुमट कुणा एका गटाचा नाही. तुमची चौरसात कललेली रचना आणि देवनागरी नाव हे दोन्ही मिळून अर्ज करा.

रेषाकार

सगळ्यांचे आभार. गटाच्या बैठकीत आज हे मंजूर झालं: बाहेर जाड चौरस, आत साडेबावीस अंशांत कललेले दोन चौरस, छेद एकजीव, मधे मोकळं वर्तुळ. काळा एकच रंग. लहान आकारासाठी छापखाना यांनी सांगितलेलं भरीव रूप. कमळाच्या पाकळ्या चिन्हात घेतल्या नाहीत, पण पत्रिकेच्या तळाशी त्यांची ओळ किनार म्हणून येईल. अक्षरवेल्हाळ, तुमची ओळही घेतली आहे: 'गोल घुमटाचं दालन, वरून पाहिलेलं'.

एकच प्रश्न उरला. शिक्का गोल करायचा आहे आणि चिन्ह चौरस. चौरस वर्तुळात कोंबला तर नाव फिरवायला जागा राहत नाही. काय करावं?

छापखाना

शिक्का चौकोनी करा. चाळीस मिलिमीटरचा चौकोनी शिक्का कुठेही बनवून मिळतो. नाव खाली एका सरळ ओळीत घ्या, गोल फिरवलेल्या देवनागरीत शिरोरेषा तुटते. ठसा आधी साध्या वहीच्या कागदावर उठवून पाहा, कारण चकचकीत कागदावर शाई पसरते आणि मधलं वर्तुळ बुजतं.